दीड टक्क्याची पट्टी

कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत गणपती मिस्त्रींची पत्र्याची खोली आहे. आत सागवानाचे तुकडे, रंधे, पटाश्या आणि भिंतीला लागून एक लांब बाकडं. मिस्त्री पॅटर्न करतात. पंपाचं अंग असो की चाकाचं टोपण, लोखंडात उतरायच्या आधी ते लाकडात होतं. ते लाकूड वाळूत दाबून अलगद उचललं की मागं पोकळी राहते आणि त्या पोकळीत फौंड्रीवाले तापलेला धातू ओततात. पॅटर्न गिऱ्हाइकाचा असतो. काम झालं की तो गिऱ्हाइकाबरोबर जातो. सेहेचाळीस वर्षं मिस्त्रींनी हेच केलं, आणि त्यांच्या हातची एकही वस्तू त्यांच्या घरात नव्हती.

नाव गणपती, पण घरात गणपती कधी बसला नाही. आजोबांनी छप्पन सालीच बौद्ध दीक्षा घेऊन देव्हारा ओढ्यात सोडला होता आणि तरी दोन वर्षांनी झालेल्या नातवाचं नाव आजीनं सवयीनं गणपती ठेवलं. गल्लीतली माणसं दर भाद्रपदात त्यांना छेडायची, "मिस्त्री, यंदा दीड दिवस का पाच दिवस?" मिस्त्री रंध्यावरून मान वर न करता म्हणायचे, "माझं विसर्जन एकदाच हाय."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून एक पोलादी पट्टी कायम डोकावत असायची. ती साधी पट्टी नव्हती. तापलेला धातू निवताना आकसतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आकसतं शंभराला एक, पितळ दीड. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर मापाला हिशेब कोण करत बसणार? त्यासाठी पट्टीच मोठी मिळते. तिच्यावरचे तीस सेंटिमीटर खऱ्या तीसपेक्षा साडेचार मिलिमीटर जास्त असतात. मिस्त्री डोळे झाकून तिच्यावर तीस धरत आणि ओतलेलं पितळ बरोबर तीस उतरे. शेजारचा फौंड्रीवाला पिराजी त्यांचा जुना दोस्त. तो त्या पट्टीला 'खोटी पट्टी' म्हणायचा. "मिस्त्री, प्लॉट घेताना हीच पट्टी न्या की. गुंठ्यामागं चार हात जास्त मिळतील!"

मिस्त्रींनी प्लॉट कधी घेतला नाही. जे होतं ते मुलाला, प्रसेनजीतला, आणि मुलीला, अक्षताला, शिकवण्यात गेलं.

प्रसेनजीत मेकॅनिकल इंजिनिअर झाला. एम.एस्सी.साठी इंग्लंडला गेला, तिथंच पंपाच्या कारखान्यात लागला आणि तिथल्याच एलिनॉर नावाच्या मुलीशी त्यानं लग्न केलं. एली शाळेत शिकवायची. तिचं गाव मार्लफर्ड, उणीपुरी साठ घरं. एक चहाचं दुकान, एक दारूचं, आणि मधोमध चर्च. ते चर्च आठशे वर्षांपूर्वीचं. खिद्रापूरचं देऊळ ज्या काळात घडलं, साधारण त्याच काळात तिकडं हे उभं राहत होतं, असं प्रसेनजीतनं सांगितल्यावर बायडाबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, ते एकदम जवळचं वाटू लागलं. "मग तिकडंबी तसलेच नक्षीचे खांब असतील," त्या म्हणाल्या.

खांब साधेच होते. पण मिस्त्रींना खांबांशी घेणं नव्हतं. दर रविवारी दुपारी प्रसेनजीतचा व्हिडिओ कॉल यायचा. मग तो फोन हातात धरून बापाला चर्चभोवती फिरवायचा.

"पप्पा, ह्या भिंती बघा. गारगोट्या चुन्यात बसवल्यात."

"त्या असू देत. ते दार दाव. कसलं लाकूड?"

"ओक. सहाशे वर्षांचं हाय."

"जवळ ने. आणि जवळ. सांधा दाव की लेका, नुसतं दार काय दावालाईस!"

एका रविवारी उत्तरेकडची भिंत दाखवताना मिस्त्री ओरडलेच. भिंतीला पोट आलेलं होतं आणि ते दाबून धरायला दगडावर इंग्रजी एस अक्षरासारख्या दोन काळ्या लोखंडी पट्ट्या बसवल्या होत्या.

"थांब, थांब! ते बीड हाय."

"व्हय. दीडशे-दोनशे वर्षांमागं बसवल्यात म्हणं."

"म्हंजे पॅटर्न केला असणार कुणीतरी." मिस्त्री चष्मा पुसून पुन्हा बघू लागले. कुठल्या तरी परक्या मुलखातल्या, कधीच्या मेलेल्या मिस्त्रीचं काम. "कोपरे गोल घेतल्यात बघ. जाणकार हुता गडी."

त्या दिवसापासून मार्लफर्डचं चर्च मिस्त्रींच्या ओळखीचं झालं. दाराची टोकदार कमान, थोराड बुटका मनोरा, मनोऱ्यामागचं काळपट हिरवं झाड, सगळं त्यांना पाठ होतं. पासपोर्ट मात्र 'पुढच्या वर्षी काढू' म्हणत राहून गेला.

दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत बर्फावरून गाडी घसरून प्रसेनजीत गेला. अडतिसाव्या वर्षी.

पासपोर्टच नव्हता, तेव्हा जाणं शक्यच नव्हतं. मिस्त्रींनी आणि बायडाबाईंनी मुलाला निरोप दिला तो फोनच्या पडद्यावर. अक्षता मध्ये बसून फोन धरत होती. एलीनं त्रिसरण आणि पंचशील कागदावर इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं होतं. ते तिनं अडखळत वाचलं. एक ओळ चुकली. कुणी दुरुस्त केली नाही.

महिन्याभरानं तिचा फोन आला. गावात ज्याचं घर, त्याला चर्चच्या आवारात जागा मिळते, मग धर्म कुठलाही असो. तिथं त्याच्या अस्थी पुरू का, असं ती विचारत होती. अक्षतानं मराठीत सांगितलं. बायडाबाई रडू लागल्या. मिस्त्रींनी एकच विचारलं.

"जागा कुठंशी?"

"भिंतीकडेला, पप्पा. बिडाच्या पट्ट्या हायत न्हवं, तिथंच."

"ते कळलं. पर रांगेत हाय का बाजूला?"

अक्षताला आधी कळलंच नाही. मग कळलं. मिस्त्रींचं मूळ गाव मुरगूडच्या पुढं. तिथं गावची स्मशानभूमी वेशीजवळ आणि त्यांच्या लोकांची ओढ्यापलीकडं. मिस्त्रींचा बाप पावसाळ्यात गेला तेव्हा ओढा दोन दिवस उतरला नव्हता. वेशीजवळची शेड असलेली स्मशानभूमी रिकामी होती आणि हे लोक मढं झाकून ओढ्याकडं बघत बसले होते. अक्षतानं ही गोष्ट लहानपणी एकदाच ऐकली होती.

तिनं एलीला विचारलं. एलीला प्रश्नाचा अर्थ लागला नाही, पण तिनं उत्तर दिलं.

"रांगेत हाय, पप्पा. एका बाजूला शेतकऱ्याची बायको, दुसऱ्या बाजूला शाळेचा हेडमास्तर. मध्ये आपला दादा."

मिस्त्री म्हणाले, "तिला सांग, त्याच्या दगडावरचं नाव मी करणार."

चर्चच्या समितीची परवानगी यायला नऊ महिने लागले. नियम कडक होते. दगड गवताच्या पातळीत हवा आणि धातूची पाटी दगडाच्या पातळीत, कारण वरून गवत कापायचं यंत्र फिरतं. पाटी तीस बाय वीसपेक्षा मोठी नको. समितीनं दोन प्रश्नही विचारले होते. ह्या अक्षरांच्या डोक्यावरची आडवी रेघ कशासाठी? आणि मधलं 'गणपती' हे नाव कुणाचं?

"रेघ अक्षराचीच हाय म्हणावं," मिस्त्री म्हणाले. "आणि गणपती म्हंजे त्येचा बाप. आमच्यात बापाचं नाव मधी असतंय. पोरगं कुटंबी गेलं तरी."

मिस्त्रींनी त्या एका पॅटर्नला दीड महिना लावला. एवढ्या वेळात त्यांनी चार पंप केले असते. जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान आणलं. पाटीची वरची बाजू चर्चच्या दारासारखी टोकदार कमानीची घेतली. बायडाबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "पिंपळाच्या पानावानी दिसतंय की." आपल्या मनात तसं नव्हतं, हे मिस्त्रींनी सांगितलं नाही.

नाव त्यांनी पटाशीनं एकेक अक्षर कोरून उठवलं. वर इंग्रजीत, खाली मराठीत: प्रसेनजीत गणपती कांबळे. वाळूतून लाकूड उचलताना वाळू ढासळू नये म्हणून प्रत्येक अक्षराची कड किंचित उतरती ठेवावी लागते. 'प्र'मधल्या तिरक्या रेघेपाशी पटाशी तीनदा घसरली. तीनदा त्यांनी नवीन तुकडा घेतला.

"मिस्त्री, एवढी नजर तर आम्ही लग्नात नवरीवर ठेवली न्हवती," पिराजी म्हणाला.

"आठशे वर्षांच्या भिंतीखाली बसायचंय ह्येला. उद्या कोण तिथनं गेलं आणि म्हणालं, ही कुणाची वेडीवाकडी पाटी, तर? रांगेत जागा मिळाली न्हवं पोराला? मग कुणी बोट ठेवाय जागा नको."

दगड घडवणारा वॉल्टर नावाचा पंचाहत्तरीचा माणूस होता. त्याचं काम सावकाश चालायचं, म्हणून त्यानं कळवलं की पाटी येईल तेव्हा येईल, पण कमानीचा खऱ्या मापाचा कागद आधी पाठवा, म्हणजे दगडात खाच पाडून ठेवतो. मिस्त्रींनी त्याच दिवशी बाकड्यावर पांढरा जाड कागद पसरला. टोकदार पेन्सिलनं रेघा मारल्या, परकारानं कमान घेतली, कडेनं कापून अक्षताकडं दिला. बारीकसारीक काम होतं. अर्ध्या तासात झालं.

पाटी पिराजीनं स्वतः ओतली. पितळ निवल्यावर वाळू फोडली, कानशीनं कडा साफ केल्या, आणि मिस्त्रींनी भिंतीवरची साधी पट्टी उतरवून माप घेतलं. तीस बाय वीस. केसाचाही फरक नाही.

"आता बोला," पिराजी म्हणाला.

मिस्त्रींनी पाटी दोन्ही हातांत धरली. अजून कोमट होती.

एरवी पॅटर्न गिऱ्हाइकाकडं जातो. इथं गिऱ्हाईक तेच होते. तो घरी आला. बायडाबाईंनी तो कपाटावर प्रसेनजीतच्या फोटोशेजारी ठेवला.

पाटी बसवायचा दिवस ठरला. तिकडं सकाळचे दहा, इकडं दुपारचे साडेतीन. अक्षतानं पत्र्याच्या खोलीत, बाकड्यावर, फोन पाणी प्यायच्या तांब्याला टेकवून उभा केला. बायडाबाई, मिस्त्री आणि पिराजी समोर बसले. पिराजी फौंड्रीतले कपडे बदलून, इस्त्रीचा सदरा घालून आला होता.

पडद्यावर ओलं गवत दिसलं. भिंत दिसली, तिच्यावरच्या काळ्या पट्ट्या दिसल्या. रांगेतले दगड दिसले. एलीनं हात जोडले, "नमस्कार पप्पा, नमस्कार आई." मग फोन खाली वळला. वॉल्टर गुडघ्यांवर बसला होता. त्यानं फडक्यातून पाटी काढली, खाचेवर धरली आणि हळूच सोडली.

पाटी खाली गेली, आणि सरकली.

वॉल्टरनं ती बोटानं डावीकडं लोटली, तर उजवीकडं फट दिसली. उजवीकडं लोटली, तर डावीकडं. मधोमध धरली, तर चारी बाजूंनी काळी रेघ. त्यानं खिशातून टेप काढून खाच मोजली. पुन्हा मोजली. मग टोपी काढली आणि एलीकडं बघून पुटपुटू लागला.

"काय म्हणालाय?" बायडाबाईंनी विचारलं.

अक्षता थांबून थांबून सांगू लागली. "म्हणतोय, माफ करा. चूक माझीच. चाळीस वर्षांत असं झालं न्हाई. हात आता पहिल्यासारखा चालत न्हाई म्हणतोय. कागदाबरहुकूम पाडली असं वाटलं हुतं, पर... नवीन दगड देतो म्हणतोय स्वतःचा."

मिस्त्रींनी विचारलं, "फट किती?"

"दोन्हीकडं मिळून साडेचार मिलिमीटर. उंचीला तीन."

तिसावर साडेचार. विसावर तीन. मिस्त्रींचा हात आपोआप खिशाकडं गेला. पट्टी तिथंच होती. कागद कापला त्या दिवशीही तिथंच होती, आणि तीच हातात आली होती. सेहेचाळीस वर्षं तीच हातात येत होती. लाकडाला जी पट्टी खरी, ती कागदाला खोटी, एवढी साधी गोष्ट. फौंड्रीतल्या नव्या पोरांना ते पहिल्या दिवशी सांगत असत.

पिराजीलाही कळलं. त्यानं मिस्त्रींच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ओठ न हलवता म्हणाला, "गप बसा, मिस्त्री. म्हातारा कबूल करालाय न्हवं? त्यो दुसरा दगड दील. कुणाला कळतंय?"

मिस्त्री गप्प बसले. पडद्यावर वॉल्टर दगडावर वाकून होता. टोपी हातात, पांढरे विरळ केस, लाल पडलेले हात. कुणी तरी फाटकातून आत आलं, एक बाई कुत्रं घेऊन, आणि बघत उभी राहिली. वॉल्टरनं तिच्याकडं पाहिलं नाही.

रांगेतल्या जागेवर कुणी बोट ठेवू नये म्हणून दीड महिना पटाशी धरली. आणि बोट ठेवायला एक जागा करून दिली ती स्वतःच. आता ते बोट ह्या म्हाताऱ्यावर जात होतं.

"अक्षता," मिस्त्री म्हणाले. "त्याला सांग, हात चांगला हाय त्येचा. चूक माझी हाय."

"पप्पा?"

"सांग की! कागद मी खोट्या पट्टीनं मारला. खाच कागदाबरहुकूम हाय. एक केस इकडंतिकडं न्हाई. सांग त्याला!"

अक्षतानं सांगितलं. तिकडं कुणाला नीट कळलं नाही. मग मिस्त्रींनी भिंतीवरची साधी पट्टी मागितली, खिशातली काढली आणि दोन्ही एकमेकींना लावून फोनसमोर धरल्या. एका टोकाला दोन्हींचे शून्य जुळवले. दुसऱ्या टोकाला एकीचे तीस दुसरीच्या पुढं गेलेले दिसले. पट्ट्या हलू नयेत म्हणून अक्षतानं त्या खालून धरल्या.

वॉल्टर फोनजवळ आला. बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मागची चर्चची भिंत दाखवत काहीतरी बोलला.

"तो म्हणतोय, दगड बदलायचा न्हाई. फटीत चुना भरतो. म्हणतोय, ह्या चर्चमध्ये एक दगड दुसऱ्याला नीट बसलेला न्हाई. आठशे वर्षं चुनाच भरत आलोय आम्ही."

पिराजी हसला. बायडाबाईंनाही जरा बरं वाटलं. मिस्त्री हसले नाहीत. त्या भिंती घडवणाऱ्यांना एकेका दगडाला दीड महिना मिळाला नव्हता, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. त्यांना मिळाला होता.

"तीन दिवस ओलं पोतं टाकून ठेव म्हणावं," ते म्हणाले. "चुना लगेच वाळला तर तडकतोय."

तीन दिवस ते सकाळ-दुपार अक्षताला फोन करून विचारत राहिले, पोतं ओलं हाय का. चौथ्या दिवशी एलीनं फोटो पाठवला. पितळेचं नाव झळकत होतं आणि त्याच्याभोवती, कमानीसकट, बारीक पांढरी रेघ होती. ज्याला माहीत नाही त्याला ती मुद्दाम केलेली वाटली असती. अक्षता तसं म्हणालीही.

मिस्त्रींनी फोन खाली ठेवला. कपाटापाशी गेले आणि पॅटर्न उतरवला. खोलीवरून आणलेली साधी पट्टी त्याला लावली. तीनशे साडेचार मिलिमीटर. दोनशे तीन. माहीत होतं, तरी मोजलं.

बायडाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. लिहावाचायला त्या कधी शिकल्या नव्हत्या, पण नवऱ्याच्या शेजारी चाळीस वर्षं काढली होती. लाकूड मोठं आणि धातू लहान, एवढं त्यांना माहीत होतं.

"हे तिथं बरोबर बसलं असतं न्हवं?"

"व्हय," मिस्त्री म्हणाले. "केसाचीबी फट न्हाई."

बायडाबाईंनी पॅटर्न त्यांच्या हातातून घेतला. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडं, वरच्या आडव्या रेघेवरून शेवटपर्यंत.

"तिकडं पाऊस लई असतोय?"

"लई. वर्षभर."

"मग कुजंल." त्यांनी तो पुन्हा फोटोशेजारी ठेवला आणि भिंतीला नीट टेकवला. "हितंच असू दे."